घाटात वाजणारे एंजिन

वाईहून पाचगणीला निघालात की पसरणीचा घाट लागतो. मे महिन्याची दुपार आहे, गाडीत पाच माणसे आणि मागे सामान आहे. चालकाने चौथा गिअर न बदलता तसाच पाय दाबला, की बॉनेटखालून एक विचित्र आवाज सुरू होतो. पत्र्याच्या डब्यात खडे घालून कोणी तो हलवावा तसा. लगेच गाडीत तीन वैद्य निर्माण होतात. एक म्हणतो, टॅपेट वाजताहेत. दुसरा पेट्रोलला दोष देतो. तिसरा मान हलवून सांगतो, "एंजिनचे काम निघाले, आता खिसा रिकामा!"

विद्यार्थिमित्रहो, गंमत अशी की गॅरेजमध्ये या तिन्ही दुखण्यांना सरसकट 'नॉकिंग' असे एकच नाव देतात. परंतु त्यांची कारणे निरनिराळी, उपाय निरनिराळे आणि खर्चही निरनिराळा. एकात नुसता गिअर बदलून भागते. दुसऱ्यात गाडी आणखी दोन किलोमीटर चालवली तर एंजिन कायमचे निकामी होते. म्हणून एंजिन उघडण्यापूर्वी निदान नीट व्हायला हवे, आणि ते करण्यासाठी लागणारे भौतिकशास्त्र तुमच्या शालेय पुस्तकाच्या फारसे पलीकडचे नाही.

पहिला प्रश्न असा विचारावा : आवाज एंजिनावरील भाराबरोबर बदलतो, की केवळ फेऱ्यांबरोबर? चढावर आवाज सुरू झाला, चालकाने पाय थोडा उचलला आणि आवाज तत्काळ नाहीसा झाला, तर ते दुखणे बहुधा आगीचे आहे. गाडी उभी करून, गिअर काढून, नुसते एंजिन चालू ठेवले तरी ठकठक चालूच राहिली, तर ते दुखणे लोखंडाचे आहे. आगीचा नॉक आणि लोखंडाचा नॉक, हा फरक ध्यानात ठेवला की अर्धे काम झाले.

आधी आगीचा विचार करू. पेट्रोल एंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन खाली जाताना हवा व पेट्रोलची वाफ आत येते. पिस्टन वर येताना हे मिश्रण दाबले जाते. मग स्पार्क प्लगमधून ठिणगी पडते. पुष्कळांची समजूत अशी असते की ठिणगी पडताच आत स्फोट होतो. तसे होत नाही, होता कामा नये. ठिणगीपाशी एक लहानशी ज्योत निर्माण होते आणि वणवा गवतातून पसरत जावा तशी ती मिश्रणातून पसरत जाते. वेग मात्र मोठा असतो, सेकंदाला साधारण १५ ते २० मीटर. सिलिंडरचा व्यास ८ सेंटिमीटर आणि प्लग मध्यभागी असेल तर ज्योतीला ४ सेंटिमीटर जायचे असते. भागाकार करून पाहा, २ ते २.७ मिलिसेकंद लागतात. मिनिटाला २,००० फेरे करणारे एंजिन एवढ्या वेळात सुमारे २४ ते ३२ अंश फिरलेले असते! म्हणूनच ठिणगी पिस्टन अगदी वर पोहोचल्यावर टाकून चालत नाही. ती १५-२० अंश आधीच टाकावी लागते. यालाच मिस्त्री 'टायमिंग' म्हणतात. ते बरोबर असेल तर सर्वाधिक दाब पिस्टन माथ्यावरून थोडा खाली वळल्यानंतर येतो आणि तो दाब पिस्टनला खाली रेटतो.

आता ज्योतीच्या पुढे, सिलिंडरच्या कडेला, अजून न जळलेले जे थोडे मिश्रण उरलेले असते त्याच्याकडे लक्ष द्या. सगळी गोष्ट त्याचीच आहे.

सायकलच्या पंपाने जोरात हवा भरताना पंपाचे टोक तापते, हे तुम्ही अनुभवले असेल. वायू झटकन दाबला की तापतो. एंजिनात मिश्रण दहापट दाबले जाते (म्हणजे संपीडन गुणोत्तर १० आहे) आणि सुरुवातीला त्याचे तापमान ३३० केल्व्हिन होते असे धरू. शिक्षकांनी गॅमा १.३५ घेऊन गणित करावे; उत्तर सुमारे ७४० केल्व्हिन, म्हणजे ४६५ अंश सेल्सिअसच्या आसपास येते. ही झाली केवळ पिस्टनची करामत. यानंतर ज्योत पेटते, जळलेला वायू फुगतो, आणि कडेच्या उरलेल्या मिश्रणाला आणखी चेपतो. दाब ५० वातावरणांपर्यंत चढला तर त्या कोपऱ्यातले तापमान ९०० केल्व्हिनच्या वर जाते. पेट्रोलची वाफ आपोआप पेटायला एवढी उष्णता पुरेशी आहे. मग ती नेहमीच का पेटत नाही? कारण आपोआप पेटण्यापूर्वी तिच्यात काही रासायनिक पूर्वतयारी व्हावी लागते आणि तिला थोडा अवधी लागतो. म्हणजे ही शर्यत आहे. ज्योत आधी पोहोचली तर मिश्रण शांतपणे जळते. पूर्वतयारी आधी संपली तर तो सगळा उरलेला साठा एकदम, एकाच क्षणी पेटतो.

हा खरा नॉक. घाटात तो का येतो ते आता उघड आहे. पाय दाबल्यामुळे सिलिंडर मिश्रणाने पूर्ण भरतो, म्हणून दाब व तापमान दोन्ही जास्त. चौथ्या गिअरमुळे फेरे कमी, म्हणून त्या कोपऱ्यातल्या मिश्रणाला तापत राहायला सवड अधिक. मे महिन्यामुळे आत येणारी हवाच गरम. पाय उचलला की यातली पहिली अट मोडते, आणि आवाज थांबतो. (आणखी एक मौज : महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचावर आहे, तेथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे १५ टक्के कमी. त्यामुळे पायथ्याशी वाजणारे एंजिन वर तशाच चढावर कमी वाजते.)

आता तो आवाज खड्यांसारखा का? त्या कोपऱ्यात दाब एकाएकी वाढतो आणि दाबाची लाट सिलिंडरच्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटत राहते. बासरीतली हवा कंप पावते तशीच ही हवा कंप पावते. आपण तिचा सूर काढू शकतो. हवेत ध्वनीचा वेग ३०० केल्व्हिनला सेकंदाला ३४७ मीटर असतो आणि तो तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. सिलिंडरमधला वायू २,४०० केल्व्हिनला, म्हणजे आठपट तापमानाला आहे असे धरले तर वेग ३४७ गुणिले २.८३, सुमारे ९८० मीटर होतो. सिलिंडरच्या ८ सेंटिमीटर व्यासात अर्धी तरंगलांबी बसते असे मानू. मग पूर्ण तरंगलांबी १६ सेंटिमीटर. ९८० ला ०.१६ ने भागा. सेकंदाला सुमारे ६,१०० कंपने! सिलिंडर गोल असल्यामुळे नेमके उत्तर याहून थोडे वर, ७,००० च्या आसपास जाते. एवढा उंच सूर म्हणजेच आपल्याला ऐकू येणारी ती किणकिण. म्हणजे धातूवर धातू आपटल्यासारखा वाटणारा हा आवाज प्रत्यक्षात वायूचा आहे. सिलिंडर केवळ घंटेसारखा तो बाहेर पोहोचवतो.

नुसता आवाजच असता तर कानाआड करता आला असता. परंतु पिस्टनचा माथा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, आणि आतला वायू तर २,००० अंशांच्या पुढे. तरी पिस्टन टिकतो कसा? धातूला लागून थंड वायूचा एक अतिशय पातळ थर चिकटून असतो, तो रजईसारखे काम करतो. नॉकच्या लाटा हा थर खरवडून काढतात. मग उष्णता थेट धातूत शिरते, माथ्यावर खड्डे पडतात, रिंगांमधल्या कडा तुटतात. त्यातच प्लगचे टोक किंवा काजळीचा कण लाल होऊन ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवू लागला तर प्रकरण हाताबाहेर जाते आणि पिस्टनला भोकही पडते. जुन्या कार्बुरेटरच्या गाड्या किल्ली काढल्यावरही काही क्षण धडपडत राहत, तो याच तापलेल्या ठिपक्यांचा प्रताप.

यावर चौकस विद्यार्थी विचारील, मग मिश्रण कमी दाबावे, म्हणजे झाले! पण तेथेच मेख आहे. आदर्श चक्राचे गणित केले (गॅमा १.४ धरून) तर संपीडन गुणोत्तर ६ असताना कार्यक्षमता ५१ टक्के येते, १० असताना ६० टक्के. प्रत्यक्षातली एंजिने या आकड्यांच्या बरीच खाली असतात, पण दिशा तीच. जितके जास्त दाबाल तितके त्याच पेट्रोलमधून काम जास्त. म्हणून पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉक हा एंजिनांच्या प्रगतीतला मोठाच अडसर होऊन बसला होता. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो आणि अमेरिकेत चार्ल्स केटरिंग व त्यांचा तरुण सहायक थॉमस मिजली त्याच्या मागे लागले.

मिजलीची हकिकत प्रत्येक शिक्षकाने वर्गात सांगावी अशी आहे. केटरिंग यांच्या घरगुती वीजसंचातली केरोसिनवर चालणारी एंजिने फार नॉक करीत. अमेरिकेत बर्फातही फुलणारी लाल पानांची एक वनस्पती आहे. लाल रंगामुळे ती उष्णता अधिक शोषत असावी, तसे इंधनही लाल केले तर ते लवकर वाफ होऊन नीट जळेल, असा तर्क त्यांनी केला. प्रयोगशाळेत लाल रंग हाताशी नव्हता म्हणून १९१६ मध्ये मिजलीने आयोडीन घातले. नॉक थांबला! येथेच समाधान मानणारे पुष्कळ भेटतात. मिजलीने मात्र पुढे दोन प्रयोग केले. दुसरे लाल रंग घालून पाहिले, उपयोग नाही. आयोडीनचे रंगहीन संयुग घालून पाहिले, नॉक थांबला. तर्क साफ चुकीचा ठरला आणि वाट सापडली. रंगाने नव्हे, रसायनाने त्या पूर्वतयारीत अडथळा येतो.

या वाटेने शेकडो पदार्थ तपासत ९ डिसेंबर १९२१ रोजी त्यांच्या हाती टेट्राएथिल लेड लागले. अगदी अल्प प्रमाणात घातले तरी नॉक बंद. १९२३ मध्ये ते विकायलाही आले. शिसे विषारी आहे हे तेव्हा ठाऊक नव्हते असे नाही. मिजली स्वतः त्या विषबाधेने आजारी पडला, आणि १९२४ मध्ये न्यू जर्सीतील कारखान्यात हे रसायन बनवणारे पाच कामगार दगावले. तरीही ते जगभर पसरले. पुढची कित्येक दशके मोटारींच्या धुरातून शिसे रस्त्यांवर, धुळीत आणि मुलांच्या रक्तात जात राहिले. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर ते घाला घालते. भारतात शिशाचे पेट्रोल २००० साली बंद झाले. जगात शेवटी अल्जीरियात, २०२१ मध्ये. एंजिनाचे निदान अचूक होते, पण औषध रोगापेक्षा भयंकर निघाले, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंधन नॉकला किती दाद देते हे मोजायची पट्टी १९२७ च्या सुमारास ग्रॅहम एडगर यांनी सुचवली. सहज नॉक करणाऱ्या हेप्टेनला शून्य आणि क्वचित करणाऱ्या आयसो-ऑक्टेनला १०० गुण द्यायचे. शुद्ध हेप्टेन त्या काळी कॅलिफोर्नियातल्या एका पाइन वृक्षाच्या राळेपासून मिळवीत! ज्या एंजिनाचे संपीडन गुणोत्तर चालू असताना बदलता येते अशा एंजिनात इंधन घालून, ते या दोहोंच्या कोणत्या मिश्रणासारखे वागते ते पाहतात. ९१ ऑक्टेन म्हणजे ९१ भाग आयसो-ऑक्टेन व ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतकेच नॉक करणारे इंधन. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. इथेनॉलचा ऑक्टेन १०० च्या वर असतो, पण एका लिटरमधली ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच असते. भारतात २०२५ पासून पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. नॉकच्या दृष्टीने ते चांगलेच, मायलेजच्या दृष्टीने नव्हे. आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या इंधनावर एंजिन वाजत नसेल, तर महागडे जास्त ऑक्टेनचे पेट्रोल भरणे हा निव्वळ उधळेपणा होय.

आता उपाय. घाटात आवाज आला तर प्रथम खालचा गिअर टाका. फेरे वाढले की बहुतेक वेळा आवाज जातो. जात नसेल तर घरी आल्यावर स्वस्त तपासण्या आधी कराव्यात. थंड एंजिनात रेडिएटरमधले पाणी पुरेसे आहे का (गरम एंजिनाचे झाकण कधीही उघडू नका, वाफेने चेहरा भाजतो), पंखा फिरतो का, जाळीत चिखल बसला आहे का. एखाद्या ठिकाणचे पेट्रोल भरल्यापासूनच आवाज सुरू झाला असेल तर भेसळीचा संशय घ्यावा. केरोसिनचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा फारच कमी, आणि मिजलीची एंजिने केरोसिनवरच वाजत होती हे आठवा. टाकी संपत आल्यावर दुसरीकडचे पेट्रोल भरून पाहणे हा उत्तम प्रयोग. त्यानंतर प्लग पुस्तिकेत सांगितलेल्याच जातीचे आहेत का हे पाहावे. मग काजळी. पिस्टनच्या माथ्यावर व हेडमध्ये साचलेली काजळी दोन अपराध करते. ती जागा व्यापून संपीडन वाढवते, आणि उष्णता अडवून धरते. जुन्या पद्मिनी किंवा ॲम्बॅसॅडरमध्ये डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवून टायमिंग मागे घेता येई. नव्या गाडीत ते काम संगणक करतो.

तो कसे करतो हे सांगण्याजोगे आहे. एंजिनाच्या अंगावर सुपारीएवढा किंवा थोडा मोठा नॉक सेन्सर बोल्टने घट्ट बसवलेला असतो. त्यात दाबविद्युत् पदार्थ असतो. दाबला की विद्युत्दाब निर्माण करणारा. हा गुणधर्म क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये शोधला. आपण काढलेल्या त्या ६-७ हजार कंपनांचा सूर ऐकू आला, की संगणक ठिणगी काही अंश उशिरा टाकतो, आणि सूर थांबला की हळूहळू पूर्ववत करतो. त्यामुळे नव्या गाडीत नॉक पुष्कळदा कानाला ऐकूच येत नाही. गाडी चढावर 'ओढत नाही' एवढीच तक्रार असते. अशा वेळी ती रोगाची खूण म्हणूनच पाहावी.

राहिला लोखंडाचा नॉक. त्याची पहिली कसोटी आपण पाहिलीच, गिअरविना उभ्या गाडीतही तो ऐकू येतो. पुढची कसोटी गणिताची आहे. झडपा उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. एंजिन मिनिटाला ९०० फेरे करीत असेल तर क्रँक सेकंदाला १५ वेळा फिरतो आणि एखादी झडप सेकंदाला साडेसात वेळा उघडते. एवढे ठोके कानाने मोजणे कठीण, परंतु फोनवर आवाज ध्वनिमुद्रित करून त्याची आकृती पडद्यावर पाहिली तर दोन ठोक्यांमधले अंतर मोजता येते. ते १३३ मिलिसेकंद असेल तर एखादा टॅपेट सैल आहे. आवाज हलका, शिवणयंत्रासारखा टिकटिक. मिस्त्री फिलर गेज लावून फट नीट करतो, खर्च किरकोळ. अंतर ६७ मिलिसेकंद असेल तर क्रँककडे संशय जातो. सकाळी थंड एंजिनात बोदा आवाज येतो आणि तापल्यावर जातो, तेव्हा पिस्टन झिजून सिलिंडरमध्ये किंचित डुलत असतो. धातू तापून प्रसरण पावला की फट भरते. हे दुखणे पुष्कळ दिवस सोबत घेऊन राहता येते.

आवाज नेमका कोठून येतो हे शोधायला अनुभवी मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक एंजिनावर टेकवून मूठ कानाशी धरतो. घन पदार्थातून ध्वनी फारसा न विरता येतो, म्हणून टोक जेथे असेल तेथलाच आवाज ठळक ऐकू येतो. हेडवर ठळक असेल तर झडपा, खाली तेलाच्या चेंबरजवळ ठळक असेल तर क्रँक. चालत्या पंख्याजवळ व पट्ट्याजवळ हे काम मिस्त्रीनेच करावे, तुम्ही शेजारी उभे राहून पाहावे. कपड्याचे टोक पट्ट्यात गेले तर हात जातो.

सर्वांत वाईट आवाज कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा. हातोडी लाकडी ओंडक्यावर पडावी तसा खोल, जड ठक्-ठक्, फेऱ्यांबरोबर वाढणारा, आणि पायाखालचा दाब एकदम सोडला की अधिकच ठळक होणारा. रॉड आणि क्रँक यांच्यामध्ये मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढीच फट असते आणि तीत दाबाखाली तेल खेळत असते. तेलाच्या त्या पापुद्र्यावर सारा भार तरंगत असतो. चालू एंजिनात धातूला धातू जवळजवळ लागतच नाही. तेल कमी झाले, पंप निकामी झाला किंवा तेल जुने होऊन गाळाने वाट बुजली, तर पापुद्रा फाटतो, बेअरिंगचा मऊ धातू झिजतो, फट वाढते आणि प्रत्येक फेऱ्याला रॉड क्रँकवर आपटू लागतो. अशा वेळी पुढच्या पटलावर तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागलेला असू शकतो. घाट असो, पाऊस असो, गाडी बाजूला घेऊन एंजिन ताबडतोब बंद करावे, आणि पुढे दुसऱ्या वाहनाने ओढत न्यावे. क्रँक खरवडला गेला नसेल तर बेअरिंगचे शेल बदलून भागते. खरवडला असेल तर क्रँक काढून लेथवाल्याकडे घासायला द्यावा लागतो, आणि जाड शेल बसवावे लागतात. आणि तसेच चालवत राहिले तर रॉड तुटून एंजिनाची बाजू फोडून बाहेर येतो. मग दुरुस्त करायला काही उरत नाही.